बत्ती वाढव

दामूमिस्त्री गेल्याची बातमी मला आमच्या शेजारच्या वाशीच्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितली. बाजाराचा दिवस होता, मी भूमच्या स्टँडवर लिंबाखाली बसलो होतो, नेहमी बसतो तसा. गाडी लागली, माणसं उतरली, कोंबड्यांच्या डालग्या उतरल्या, आणि तो तिकिटाची पेटी काखेत मारून माझ्यापाशी आला. "तात्या, तुमचा त्यो बार्शीचा मिस्त्री गेला की. परवाच. माती बी झाली." मी म्हणालो, "बरं." त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "ऐकलं म्या," मी म्हणालो, "बहिरा न्हाय झालो अजून." तो गेला. बाजार मोडेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो. दहाव्याला गेलो नाही, तेराव्यालाही गेलो नाही. तोंड नव्हतं जायला.

भूममध्ये आजही कुणाला विचारा, दामूमिस्त्री कोण? सांगतील की ज्याच्या वायरिंगनं तेलाच्या गोदामात हणमंता हमाल जळून मेला, तो. हे खोटं आहे. हणमंता दामूच्या वायरिंगनं मेला नाही. कशानं मेला ते मला माहीत आहे. दामू होता तोवर ते त्यालाही माहीत होतं की काय, हे मला कळायला फार उशीर झाला... ते पुढं येईल. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, तेही निजामाच्या शाळेत, उर्दूत. आमच्या गावच्या मास्तरांनी, हे मी लिहितोय कळल्यावर, म्हटलं की द्या, नीट करून देतो. मी दिलं नाही. माझं मी लिहीन. चुकलं तर माझं चुकेल.

नाक्यावर शेटजींचा तेलाचा डेपो होता. रॉकेल, डिझेल आणि पेट्रोल. पुढं हातानं फिरवायचा पंप, मागं दगडी गोदाम, वर पत्रे, खिडकी एकही नाही. आवाराच्या पलीकडच्या बाजूला शेटजींची पेढी, गोदामापासून वीस पावलांवर. गोदामाच्या किल्ल्या माझ्या कमरेला, पोलीस ॲक्शनच्याही आधीपासून. त्या इतक्या वर्षांत माझ्या गोदामात कुणी पेटती बिडी घेऊन शिरलं नाही. एकदा एका मोठ्या अंमलदाराला मी दारातच उभा केला होता, सिगरेट टाका मग आत या म्हणून. शेटजी घाबरून पांढरे झाले होते. मी नाही घाबरलो. हे बढाई म्हणून सांगत नाही, दामू आला तेव्हा मी काय होतो ते कळावं म्हणून सांगतो. आगीतलं मला सगळं कळतं असा माझा समज होता.

विजेच्या आधी आमच्याकडं कंदील. टिपाड, म्हणजे लोखंडी पिंप, उघडायच्या आधी कंदील बाहेर न्यायचा आणि घालवायचा. पण भरल्या दुकानात दिवा 'विझव' असं कुणी म्हणत नाही, जिभेवर येऊ द्यायचं नसतं ते. आमच्या जुन्या मालकाचा मुन्शी हैदराबादकडचा, तो म्हणायचा, 'बत्ती बढाव.' त्याचं ऐकून आम्ही म्हणायला लागलो, 'बत्ती वाढव.' म्हणजे बंद कर. बांगडी फुटली की वाढली म्हणतात ना, तसं. मुन्शी गेला, मालक बदलला, राज्य बदललं, शब्द तेवढा राहिला. पेट्रोलचा वास जरा उग्र आला की पहिल्यांदा तोंडातून तोच निघायचा. विचार करावा लागत नसे.

आमचा जिल्हा मुंबईच्या राज्यात गेला, आणि दोन-तीन वर्षांनी रस्त्याकडेनं खांब रोवायला लागले. शेटजींना हौस, गावात पहिला दिवा आपल्या डेपोत लागला पाहिजे. त्यांनी बार्शीहून मिस्त्री बोलावला. तो दामू. तिशी-बत्तिशीचा असेल. अंगानं बारीक, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला कातड्याची पिशवी. बार्शीच्या गिरणीत काम शिकला होता आणि स्वतःचं वायरमनचं लायसन काढलं होतं. ते लायसन मेणकापडात गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायचा. बार्शी आमच्यापासून लांब नाही, पण ती इंग्रजांच्या मुलखात आणि आम्ही मोगलाईत, मधे जकातीचा नाका. राज्यं गेली, नाका गेला, तरी बार्शीचा माणूस आमच्याकडं बघून जरासा हसायचाच.

पहिल्याच दिवशी तिन्हीसांजेला शेटजी पेढी बंद करायला निघाले. कंदील दामूच्या पुढ्यात होता. मी म्हणालो, "मिस्त्री, बत्ती वाढव." त्यानं वात वर केली. मी म्हणालो, "अरं वाढव की." त्यानं आणखी वर केली. काच काळी पडायला लागली. "तात्या, अजून वाढवली तर काच तडकंल." शेटजी पोट धरून हसले. शब्दाचा अर्थ सांगितल्यावर दामूही हसला, म्हणाला, "तुमच्या मोगलाईत सूर्य बुडाला तर काय म्हणता मग? सूर्य वाढला?" त्या दिवसापासून तो मला तात्या म्हणायला लागला आणि मी त्याला दामू.

तो गोदामात लगेच शिरला नाही. उंबऱ्यावर उकिडवा बसला, नाक जमिनीपाशी नेलं आणि वास घेतला. मी म्हणालो, "कुत्र्यावाणी काय हुंगतुस?" तो म्हणाला, "तात्या, पेट्रोलची वाफ वर जात नाही. पाण्यासारखी खालून वाहते. तुमच्या नाकाला कळायच्या आधी ती पायाशी येऊन बसलेली असते." मला पटलं नाही. वाफ म्हणजे वर जाणारी, चुलीवर रोज बघतो आपण.  दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला नदीच्या कोरड्या पात्रात घेऊन गेला. पन्हाळीचा एक लांब पत्रा वाळूत तिरपा ठेवला, खालच्या टोकाशी एक पणती लावली आणि वरच्या टोकाला पेट्रोलमध्ये बुडवलेली चिंधी ठेवली. मला हाताला धरून लांब नेलं. आम्ही उभे राहिलो. काही झालं नाही. मी तोंड उघडणार, एवढ्यात पणतीपासून एक निळी रेघ पत्र्यावरून सरसर वर गेली आणि चिंधी पेटली. आग चिंधीपाशी गेली नव्हती, चिंधीच खाली चालत आली होती आगीपाशी, तिला बोलवायला. मी इतकी वर्षं त्या वाफेत उभा होतो. तरी दामूला म्हणालो, "एवढं तर मला ठाऊक हुतं." तो म्हणाला, "असंल."

त्याचं काम बघायला गाव जमायचं. सगळी तार त्यानं लोखंडी नळीतून नेली. नळीच्या सांध्यांना फेरे कमी पडले तर नळी परत सोडून नवे फेरे पाडायचा. दिवा जाड काचेच्या गोळ्यात, गोळ्यावर तारेची जाळी, गोळ्याच्या तोंडाला रबर. म्हणायचा, आतला दिवा फुटला तरी ठिणगी आत कोंडून मेली पाहिजे. मग गोदामाच्या मागं पुरुषभर खड्डा खणला, त्यात तांब्याचा पत्रा उभा केला आणि वरून कोळसा नि मीठ, कोळसा नि मीठ असे थर दिले. झालं, गावात उठलं की बार्शीचा मिस्त्री भानामती करतोय. दोन बायका मुद्दाम लिंबू घेऊन आल्या, विचारायला की आमच्या म्हशीचं बघता का. वर आणि त्याचं सांगणं असं की उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला घागरभर पाणी ओतायचं, माती ओली राहिली तरच वीज जमिनीत जाते. आमच्या भूममध्ये, उन्हाळ्यात! माणसं म्हणायची, प्यायला न्हाय आणि तात्या भुईला पाजतोय. तरी मी ओतलं. प्रत्येक आठवड्याला ओतलं. तेवढं मी त्याचं ऐकलं, हे लिहून ठेवतो.

बटणाचं मात्र ऐकलं नाही.

दामूला बटण पेढीच्या भिंतीवर पाहिजे होतं, गोदामापासून वीस पावलं लांब. बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडतेच, म्हणायचा, चालू करताना पडते आणि बंद करतानाही पडते, त्याला इलाज नाही, म्हणून ती वाफेपासून लांब पडू द्यायची. मी नाही म्हणालो. आमच्याकडं दिवा दारात उभं राहून लावायचा, दिव्याकडं तोंड करून, आणि लागला की हात जोडायचे. मी इतकी वर्षं तसंच करत आलो होतो. पेढीच्या भिंतीवर बटण म्हणजे गोदामाकडं पाठ करून दिवा लावणं आलं. हे मी बोललो. जे बोललो नाही ते असं, की माझ्या गोदामाचा दिवा लावायला मी रोज शेटजींच्या गादीपाशी जाऊन उभा राहू? किल्ल्या माझ्या कमरेला आणि दिवा त्यांच्या भिंतीवर?

"तात्या, तिकडं बटण दाबा, मग इकडं येऊन हात जोडा. देव काय थांबत नाही का वीस पावलं?"

"माझा देव थांबल. म्या न्हाय थांबायचा."

तीन दिवस त्यानं नळी तिथंच अर्धवट सोडली. मीही बोलणं टाकलं. त्याचा चहा मी स्वतः नेत होतो, तो मी हमालाच्या हातानं पाठवला. चौथ्या दिवशी त्यानं बटण गोदामाच्या दाराशी, चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर बसवलं. खाली उतरून म्हणाला, "हे मी कामाला धरून केलेलं नाही. तुमच्यासाठी केलंय. आता माझी एक अट." आणि मला म्हणायला लावलं. गोदामात वास असेल, काही सांडलं असेल, तर बटणाला हात लावायचा नाही. दिवा चालू असेल तर चालू राहू द्यायचा, बंद असेल तर बंद. आधी माणसं बाहेर काढायची, दारं सताड उघडी टाकायची, वास जाऊ द्यायचा. "म्हणा." "म्या काय साळंत हाय का?" "म्हणा तात्या." मी म्हटलं. शब्दन् शब्द म्हटला. आणि हणमंतालाही शिकवा म्हणाला, तर मी म्हणालो, त्याला मी सांगीन... नाही सांगितलं. सांगायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं, राहून गेलं. हणमंता माझ्या हाताखालचा माणूस, मी सांगेन तसं वागणारा, त्याला निराळं काय शिकवायचं, असं मनात असावं.

काही वर्षं चांगली गेली. दामूनं भूममध्येच खोली घेतली, बार्शीहून बायको आणली. गावातल्या निम्म्या घरांत त्यानं दिवे लावले. टँकर आला की त्याच्या मागं लोंबणारी साखळी जमिनीला टेकते का ते बघायला हातातलं काम टाकून डेपोत यायचा आणि टँकर नि पंपाची टाकी तारेनं जोडल्याशिवाय नळी लावू द्यायचा नाही. ड्रायव्हर शिव्या द्यायचे. त्याचं अक्षर सुरेख होतं. दुपारच्या वेळी गोदामाच्या बाहेरच्या भिंतीवर खडूनं मला बाळबोध अक्षरं काढून दाखवायचा. मी त्या वयात शिकलो ते त्याच्याकडून. आज हे लिहितोय तेही त्याच्याच अक्षरांनी. एवढं त्याचं माझ्याकडं आहे आणि मी त्याला काय दिलं?

ती उन्हाळ्यातली भर दुपार होती. ट्रकमधून पेट्रोलची टिपाडं उतरवत होतो. हणमंता एकटा टिपाड फळीवरून घरंगळत न्यायचा, असा दांडगा, उंच गडी. गोदाम आत अंधारं, म्हणून दिवा चालू होता. एक टिपाड फळीवरून निसटलं आणि उंबऱ्याच्या दगडावर कडेनं आदळलं. शिवण उसवली. पेट्रोल उंबऱ्यावर, पायरीवर, हणमंताच्या पायांवर. मी ट्रकपाशी होतो. वासाचा लोट आला आणि माझ्या तोंडातून, कुणी आतून ढकलल्यासारखं, निघालं, "हणमंता, बत्ती वाढव."

त्यानं हात वर केला. त्याला उंच नव्हतं ते.

पुढचं मी जास्त लिहिणार नाही. दामू स्टँडपाशी कुठं काम करत होता, धूर बघून पळत आला. लोक पाणी घेऊन धावत होते, त्यांना त्यानं ढकलून मागं सारलं आणि वाळूच्या बादल्या, ज्या त्यानंच भरून ठेवायला लावल्या होत्या, त्या ओतायला लावल्या. गोदाम वाचलं. हणमंताला ट्रकमध्ये घालून बार्शीला नेलं, पोतं ओलं करून अंगावर टाकलं होतं. दामू त्याच्याजवळ बसला होता, मी ड्रायव्हरजवळ. तिसऱ्या दिवशी हणमंता गेला. शुद्धीवर एकदाच आला होता, पाणी मागितलं. बाकी काही बोलला नाही.

पंचनामा झाला. फौजदारांनी विचारलं, आग कशानं लागली? मी म्हणालो, बटणातून ठिणगी पडली. ते खरंच होतं. मग विजेचा इन्स्पेक्टर आला. चांगला, शांत माणूस होता. त्यानं सगळी नळी तपासली, दिवा तपासला, खड्ड्यातली माती हातात घेऊन दाबून बघितली, ओली होती. म्हणाला, काम उत्तम आहे. मग दारापाशी आला, वर बघितलं. "पेट्रोलच्या गोदामाच्या दाराशी बटण? कुणी बसवलं हे?"

मी तिथं होतो. शेटजी होते. दामू म्हणाला, "मी बसवलं, साहेब."

"तुम्हाला कळत नव्हतं?"

"कळत होतं."

"मग का बसवलंत?"

दामूनं डोक्यावरची टोपी सारखी केली. माझ्याकडं बघितलंही नाही. त्यानं बघितलं असतं तर मी बोललो असतो, असं मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. नसतो बोललो. बटण मी हट्टानं तिथं लावून घेतलं आणि बत्ती वाढव म्हणून मीच ओरडलो, एवढी दोनच वाक्यं होती. ती घशाशी आली होती. पण समोर शेटजी उभे होते, हमाल उभे होते, हणमंताची बायको रखमा भिंतीला टेकून बसली होती, आणि माझ्या गोदामात इतकी वर्षं काडी पेटली नाही असं ज्यांना मी ऐकवत आलो ते सगळं गाव आवाराच्या भिंतीवरून डोकावत होतं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं दुःखानं घातली.

दामूनं मेणकापड उलगडून लायसन काढून दिलं. घडीवर घडी असलेला कागद होता तो, इन्स्पेक्टरनं उलगडला तेव्हा विरलेल्या घड्यांतून उजेड दिसला.

त्यानंतर त्याला कुणी काम दिलं नाही. बिगर लायसनचं, चोरून करायला सांगणारे होते, पण ते तो करत नसे. रखमा रस्त्यात दिसली की त्याच्या नावानं बोटं मोडायची. एकदा बाजारात त्याच्या बायकोच्या पुढ्यात थुंकली. तेव्हा ते वाशीला गेले, तिथं बायकोचं माहेर होतं. तिथं तो स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचा आणि पत्र्याच्या पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, पिठाच्या गिरण्यांच्या. बाजाराला कधी भूमला आला तर माझ्याकडं यायचा. ह्याचं लोकांना नवल वाटायचं आणि मला बोचायचं. मी डेपोचं काम सोडलं होतं, शेटजी राहा म्हणत होते तरी सोडलं. आम्ही ओसरीवर बसायचो, पाऊसपाण्याचं बोलायचो.

एकदाच त्यानं विचारलं. चहा बशीत ओतता ओतता, माझ्याकडं न बघता. "तात्या, हणमंतानं बटणाला हात का लावला असंल?"

मी म्हणालो, "कुणास ठाऊक. घाबरला असंल."

त्यानं बशीवर फुंकर घातली. "व्हय. घाबरला असंल," म्हणाला. आमच्यात राहून तो 'व्हय' म्हणायला शिकला होता. पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो.

आता तो गेल्यावर ते घशाशी असलेलं मी बाहेर काढायला निघालो. आधी रखमाकडं गेलो. ती ज्वारी निवडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, बटण कुणी लावायला लावलं आणि शब्द कुणाचा होता. तिनं सूप खाली ठेवलं नाही. बराच वेळ खडे काढत राहिली. मग म्हणाली, "तात्या, इतकी वर्सं म्या चुकीच्या मानसाला शिव्या घातल्या. त्या आता माघारी कशा घिऊ?" मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं दिल्या नाहीत. म्हातारी झालीय तीही. मी निघालो तर म्हणाली, "दार वडून घ्या, कोंबड्या येत्यात आत."

मग धाराशिवला गेलो, विजेच्या ऑफिसात. कागद लिहून नेला होता, खाली अंगठा नाही, सही केली होती. कारकून पोरसवदा पण नीट बोलणारा. त्यानं कागद दोनदा वाचला. "आजोबा, मग आता तुमचं म्हणणं काय?" मी म्हणालो, त्याचं लायसन त्याला परत द्या. तो म्हणाला, "पण ते वारले ना? मग लायसन द्यायचं कुणाला?" मी म्हणालो, कुणालाही देऊ नका, नुसतं लिहा की त्याची चूक नव्हती. त्यानं आत जाऊन विचारलं. येऊन म्हणाला, त्या लायसनचा कागद आता इथं नाही, ऑफिसं दोनदा बदलली, दप्तरं इकडून तिकडं गेली. आणि बटण तर त्यांनीच बसवलं होतं ना, आजोबा? ... हो, त्यानंच बसवलं होतं. कारकुनानं मला पाणी दिलं आणि गाडीची वेळ सांगितली.

म्हणून हे पेपरच्या पुरवणीसाठी लिहिलंय. वाचून कुणाचं काय होणार आहे ते मला माहीत आहे. काही होणार नाही.

गेल्या आठवड्यात मी वाशीला गेलो. दामूची बायको लेकीपाशी असते, पण त्याची खोली तिनं अजून सोडलेली नाही. मला आत बसवलं. रंगाचे डबे सुकून दगड झाले होते. कुंचले मात्र धुऊन, डोकी वर करून गाडग्यात उभे. खिडकीला फळकूट नव्हतं, तिथं पश्चिमेचं ऊन अडवायला तिनं एक रंगवलेली पाटी लावली होती, अक्षरं आतल्या बाजूला. मी बोट ठेवून ठेवून वाचायला लागलो. लाल अक्षरं, त्याचीच, गोल. लिहिलं होतं, पेट्रोलचा वास येत असल्यास दिवा लावू नये, मालवू नये, वाढवू नये.

मी पुन्हा वाचलं. माझं बोट शेवटच्या शब्दावर राहिलं.

ती म्हणाली, "अशा लई रंगवल्या हुत्या त्येंनी. पैसं न घेता द्याचे, गावोगावच्या डेपोवाल्यांस्नी. ही एक ऱ्हायली. लोक हसायचे, मिस्त्री, येकच गोष्ट दोनदा कशापायी लिवता? मालवू नये म्हणलं की झालं की. तर म्हणायचे, आपल्याकडं लिवावं लागतं. भूमला येक मानूस त्या शब्दानं गेलाय."

"कवापासनं रंगवत हुता?"

"भूमवरनं आलो, त्येच सालापासनं."

म्हणजे बशीवर फुंकर घालत त्यानं मला विचारलं तेव्हाही त्याला माहीत होतं. ट्रकमध्ये हणमंताजवळ बसला होता तेव्हाच ओळखलं असेल, माझा तो शब्द त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. तो मला विचारत नव्हता. मला सांगायला जागा करून देत होता.

ती म्हणाली, पाटी न्या तुम्हाला पाहिजे तर, मी फळकूट लावून घेईन. मी नको म्हणालो. तिला वाटलं मी संकोच करतोय, तिनं पाटी काढायला हात घातला, तेवढ्यात ऊन सरळ आत आलं, गाडग्यावर, कुंचल्यांवर. मी म्हणालो, राहू द्या, उन्हात अक्षरांचा रंग उडंल. आणि पाटी होती तशी परत लावून घेतली.